तीन लिटरची बेंटले आणि व्हॉक्सहॉल ३०-९८ : रस्त्यावरचा हिशेब

इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींचे चार शौकीन एकत्र बसले की एक वाद हटकून निघतो, आणि इतकी वर्षे घासूनही तो गुळगुळीत झालेला नाही. १९२० च्या दशकात इंग्रजांनी बांधलेल्या चार सिलिंडरच्या वेगवान गाड्यांत रस्त्यावर खरी सरस कोणती, क्रिकलवूडची तीन लिटर बेंटले की ल्यूटनची व्हॉक्सहॉल ३०-९८? आपल्याकडे ‘विंटेज’ हा शब्द आजोबांच्या फियाटपासून लग्नाच्या वरातीतल्या कोणत्याही जुन्या गाडीला लावला जातो. तिकडे मात्र १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने त्याची हद्द १९३० अखेरीची ठरवून दिली आहे. या दोन्ही गाड्या त्या हद्दीत निर्विवाद बसतात. बाकी सगळ्याच गोष्टींवर वाद आहे.

मी आयुष्यभर चिंचवड परिसरातील कारखान्यांत गिअरबॉक्सच्या जुळणीचे काम केले. निवृत्तीनंतर मुलीकडे चेल्टनहॅमला जाणे-येणे सुरू झाले आणि तिच्या घरापासून जवळच प्रेस्कॉटची टेकडी आहे हे कळल्यावर नातवंडांपेक्षा त्या टेकडीचीच ओढ मला अधिक आहे असा आरोप घरात होऊ लागला. तिथल्या शर्यतींच्या निमित्ताने दोन वयोवृद्ध गृहस्थांची ओळख झाली. एकाकडे १९२५ ची लाल बिल्ल्याची बेंटले, म्हणजे तीन लिटरमधील ‘स्पीड मॉडेल’; दुसऱ्याकडे त्याच सुमाराची ओई जातीची व्हॉक्सहॉल, चार आसनांच्या ‘व्हेलॉक्स’ बांधणीची. दोघांनीही वेगवेगळ्या दिवशी मला शेजारी बसवून एकाच रस्त्याने फिरवून आणले. खाली जे लिहीत आहे ते त्या दोन फेऱ्या, प्रेस्कॉटच्या कडेला उभे राहून पाहिलेले तास आणि घरी येऊन कागदावर केलेले थोडे गणित यांच्या आधारावर आहे. स्टिअरिंग माझ्या हाती कोणी दिले नाही, आणि ते योग्यच झाले.

प्रथम बेंटलेच्या कीर्तीचा विचार करू, कारण या वादात बेंटलेचे पारडे आधीपासून जड असते ते या कीर्तीमुळेच. डब्ल्यू. ओ. बेंटले यांनी पहिल्या महायुद्धात विमानांची रोटरी इंजिने घडवली होती, आणि त्याआधी फ्रेंच डीएफपी गाड्यांत ॲल्युमिनियमचे दट्टे (पिस्टन) बसवून त्या वेगवान करून दाखवल्या होत्या. १९१९ साली त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि १९२१ मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पुढच्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर जॉन डफ यांनी बारा-बारा तासांच्या दोन टप्प्यांत मिळून ताशी सरासरी ८६.७९ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर, वेग राखला. आसपासच्या रहिवाशांच्या झोपेखातर तिथे रात्री गाडी पळवण्यास मनाई होती, म्हणून चोवीस तासांचे असे दोन तुकडे करावे लागले. १९२३ साली फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा भरली तेव्हा डफ आणि फ्रँक क्लेमंट यांची एकुलती एक बेंटले चौथी आली. १९२४ मध्ये याच जोडीने ती शर्यत जिंकली. १९२७ ची हकीकत तर इतक्या वेळा सांगून झाली आहे की मी ती एका वाक्यात उरकतो: अपघातात वाकलेली, एकाच हेडलाइटवर चालणारी तीन लिटरची गाडी डेव्हिस आणि बेंजाफिल्ड यांनी पहिली आणली.

हे सर्व खरे असले तरी माझा आक्षेप असा की हा पुरावा टिकाऊपणाचा आहे. चोवीस तास न मोडता धावणे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला चढ, वळणे, बैलगाड्या ओलांडत लवकर पोहोचणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत. बेंटले पहिलीत उत्तीर्ण झाली म्हणून दुसरीतही तिला गुण देऊन टाकायचे, हा आपल्याकडच्या शाळेतला जुना पक्षपात झाला.

व्हॉक्सहॉलचा जन्मच मुळी एका चढासाठी झाला. जोसेफ हिगिन्सन नावाच्या उद्योजकाला वूस्टरशायरमधील शेल्सली वॉल्शची टेकडी जिंकायची होती. व्हॉक्सहॉलचे मुख्य अभियंता लॉरेन्स पॉमरॉय यांनी त्याच्यासाठी कारखान्यातील आहे त्याच इंजिनाची ताकद वाढवून साडेचार लिटरची गाडी बांधून दिली आणि जून १९१३ मध्ये हिगिन्सनने ती टेकडी ५५.२ सेकंदांत चढून दाखवली. युद्धामुळे मध्ये शर्यतीच झाल्या नाहीत हे मान्य, तरीही तो विक्रम १९२१ पर्यंत अबाधित राहिला. युद्धानंतर हीच गाडी ‘ई’ या नावाने विक्रीस आली: ९८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १५० मिलिमीटर स्ट्रोक (दट्ट्याच्या खालीवर होण्याचे अंतर), ४५२५ घन सेंटिमीटर, बाजूच्या झडपांचे साधे इंजिन आणि सुमारे ९० अश्वशक्ती. पॉमरॉय १९१९ मध्येच अमेरिकेला निघून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या सी. ई. किंग यांनी १९२२ च्या अखेरीस झडपा डोक्यावर नेल्या, स्ट्रोक १४० पर्यंत कमी केला आणि ४२२४ घन सेंटिमीटरची ‘ओई’ तयार केली. तिची अश्वशक्ती ११० च्या पुढे गेली. ३०-९८ या आकड्यांचा अर्थ काय, यावर तिथे स्वतंत्र वाद आहे. इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना ३० आणि तीन हजार फेऱ्यांना ९८ अश्वशक्ती, असे एक उत्तर सांगतात. दुसरे उत्तर सांगणारे बोअरच्या ९८ मिलिमीटरकडे बोट दाखवतात. मला दोन्ही उत्तरे नंतर सुचलेली वाटतात.

आता इंजिनांची तुलना. कागदावर पाहिले तर बेंटलेचे इंजिन म्हणजे अभियंत्याच्या डोळ्यांचे पारणे फिटावे असे. ८० मिलिमीटरचा बोअर आणि १४९ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे दुधाच्या बाटलीसारखा उंच अरुंद सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, दोन स्पार्क प्लग, ठिणगीसाठी वीज पुरवणारे दोन मॅग्नेटो, आणि उभ्या दांड्याने फिरणारा डोक्यावरचा कॅमशाफ्ट. सिलिंडरचा ठोकळा आणि त्याचे डोके एकाच ओतकामाचे, त्यामुळे हेड गॅस्केट उडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; मात्र झडपा घासायच्या झाल्या तर सगळा ठोकळाच उचलून काढावा लागतो. याउलट व्हॉक्सहॉलमध्ये पुशरॉड, टॅपेट, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा आणि एक प्लग, असा अगदी आपल्या ॲम्बेसेडरच्या कुळातला मामला.

आणि तरीही दोघांची अश्वशक्ती लिटरने भागून पाहा. स्पीड मॉडेलची सुमारे ८० अश्वशक्ती तीन लिटरांत वाटली तर लिटरमागे सत्तावीसच्या आसपास येते. ओईची ११५ धरून ४.२ ने भागली तरी उत्तर सत्तावीसच येते. म्हणजे चार झडपा, दोन प्लग आणि डोक्यावरचा कॅमशाफ्ट यांनी लिटरमागे काहीही जास्तीचे मिळवून दिले नाही. पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा माझेच काही चुकले असावे असे वाटून मी तो पुन्हा करून पाहिला. कारण शोधल्यावर सापडते: त्या काळचे पेट्रोल इतक्या हलक्या प्रतीचे होते की दाबाचे प्रमाण पाचाच्या फार पुढे नेले तर इंजिन ठोके मारू लागे, आणि दाब वाढवता येत नसेल तर अधिक हवा आत घेऊन मिळणारा लाभ मर्यादितच राहतो. शिवाय १४९ मिलिमीटरच्या स्ट्रोकमुळे साडेतीन हजार फेऱ्यांना बेंटलेचा दट्ट्या सेकंदाला सरासरी सतरा मीटरहून अधिक वेगाने खालीवर होतो. त्यापुढे फेऱ्या वाढवायला त्या काळच्या धातूंची तयारी नव्हती. बेंटलेच्या चार झडपांनी दिले ते थंडपणा आणि दीर्घायुष्य, जे ल माँ येथे कामी आले. रस्त्यावर मात्र सव्वा लिटर जास्तीचे इंजिन हे सव्वा लिटर जास्तीचेच राहते.

यात करखात्याचाही थोडा भाग होता. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर लागू झाला, पण ही अश्वशक्ती मोजण्याचे सूत्र केवळ बोअर आणि सिलिंडरांची संख्या विचारात घेई; स्ट्रोकला त्यात स्थानच नव्हते. त्या सूत्राने बेंटले १५.९ ची ठरे आणि व्हॉक्सहॉल २३.८ ची. वर्षाला आठ पौंडांचा फरक, जो या गाड्या विकत घेऊ शकणाऱ्या माणसाला भाजीपाल्याच्या हिशेबाइतकाच जाणवत असणार. परंतु लांब स्ट्रोकची सवय त्या देशाच्या अभियंत्यांना का जडली, हे त्यावरून समजते.

दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, पावणेदहा फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखा, आणि एवढे मोठे इंजिन असूनही व्हॉक्सहॉल बेंटलेच्या तुलनेत बोजड नाही. मोठे इंजिन आणि हलका सांगाडा एकत्र आले की मागच्या एक्सलचे गुणोत्तर उंच ठेवता येते, आणि ल्यूटनकरांनी ते तसे ठेवले. टॉप गिअरमध्ये हजार फेऱ्यांना ही गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे ताशी शंभरला इंजिन सव्वादोन हजार फेऱ्यांवर निवांत असते, तर बेंटलेला तेवढ्याच वेगासाठी अडीच हजारांच्या जवळ जावे लागते. फरक लहान वाटेल. पण शेजारी तासभर बसल्यावर तो कानाला आणि पाठीला नेमका कळतो.

ज्या रस्त्याने मला नेले तो चेल्टनहॅमहून प्रेस्टबरीमार्गे क्लीव्ह हिलवर चढतो आणि पलीकडे विंचकूमला उतरतो. हा कॉट्सवोल्ड टेकड्यांतला सर्वांत उंच भाग. खंडाळ्याचा घाट ज्याने ट्रकमागे अडकून चढला आहे त्याला त्याचे भय वाटणार नाही, पण चढ लांब आहे आणि मध्ये गाडीला दम खायला जागा नाही. बेंटलेचे मालक चढाच्या पायथ्याशीच टॉपमधून तिसऱ्यात आले आणि तिसऱ्यातच राहिले. गाडी कुठेही थकली नाही, परंतु ती प्रयत्न करत आहे हे कळत होते: खालून एका लयीत जड ठोके, एक्झॉस्टचा घोगरा आवाज, आणि वेग धरून ठेवण्यासाठी फेऱ्या वर राखण्याची चालकाची धडपड. समोर ट्रॅक्टर आला आणि वेग एकदा पडला, तो माथ्यापर्यंत पुरता परत मिळाला नाही.

व्हॉक्सहॉलने तोच चढ टॉपमध्ये चढला. मी मुद्दाम मालकांच्या हाताकडे पाहत होतो. गिअरच्या दांडीला त्यांनी स्पर्शही केला नाही. पायाखालचा ॲक्सिलरेटर किंचित दाबला गेला एवढेच. आपल्याकडे ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो अचानक धक्का देणारा प्रकार इथे नाही. कोणीतरी मागून तळहात टेकवून, घाई न करता, पण न थांबता ढकलत आहे अशी ती ओढ आहे. पुढे एक सायकलस्वारांचा जथा होता. त्यांच्यामागे गाडी सायकलच्या वेगाला आली, रस्ता मोकळा होताच त्याच टॉप गिअरमध्ये तिने पुन्हा वेग घेतला, आणि त्या वेळी मला प्रथमच उमगले की ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी या गाड्या एवढ्या संख्येने का मागवल्या असतील. जिथे दोन गावांमध्ये दिवसभराचे अंतर आणि कच्चा रस्ता, तिथे गिअर न बदलता चालणाऱ्या गाडीची किंमत वेगळीच असते. एकूण सहाशेच्या आतबाहेर बनलेल्या ३०-९८ पैकी बराच मोठा वाटा तिकडे गेला. तीन लिटरच्या बेंटले सोळाशेवर बनल्या.

गिअर बदलण्याबाबत मात्र मला बेंटलेच्या बाजूने बोलावे लागेल, आणि हा माझ्या धंद्याचा विषय असल्याने थोडे सविस्तर बोलतो. दोन्ही गिअरबॉक्स चार गतींचे, दोन्हींत दातांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रो यंत्रणा नाही. दांडी उजव्या हाताला. वरून खालच्या गिअरमध्ये येताना डबल क्लच अटळ: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाच्या फेऱ्या अंदाजाने वाढवायच्या, पुन्हा क्लच, मग दात जुळवायचे. तरुणपणी खंबाटकीच्या घाटात एका जुन्या जीपवर हे शिकताना मी जे आवाज काढले ते आठवून अजूनही मान खाली जाते. बेंटलेत यात आणखी एक गंमत आहे, ती म्हणजे ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे. पण स्पीड मॉडेलच्या गिअरबॉक्समधील गुणोत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की तिसऱ्यातून टॉपमध्ये जाताना फेऱ्या फारशा पडत नाहीत, आणि सरावलेल्या हाताखाली तो बदल डबा बंद केल्यासारखा स्वच्छ होतो. व्हॉक्सहॉलचा अनेक तबकड्यांचा क्लच तेवढा तत्पर नाही. त्या गाडीचा मालक गिअर कमी बदलतो याचे सगळे श्रेय इंजिनाच्या ओढीला देऊ नये. काही भाग त्या क्लचचाही आहे.

वळणांवर दोघींत फार अंतर पडत नाही. दोन्हींना पुढे-मागे ताठ एक्सल आणि पाटे. बेंटलेचा सांगाडा अधिक ताठर, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना ती एकसंध उसळते. व्हॉक्सहॉल जराशी मुरडते, दरवाजा कुरकुरतो, पण चाके रस्त्याला चिकटून राहतात. प्रेस्कॉटला पार्डन नावाचे चढावरचे अरुंद हेअरपिन वळण आहे, तिथे कुंपणाजवळ उभे राहून मी दोन्ही जातींच्या अनेक गाड्या पाहिल्या. बेंटलेवाले वळणात शिरण्याआधी दुसऱ्यात किंवा पहिल्यात येऊन, आतले मागचे चाक फिरवत, धूर काढत बाहेर पडतात. व्हॉक्सहॉलवाले थोडे आधी मंदावतात आणि बाहेर पडल्यावर ओढीच्या बळावर भरपाई करतात. शेवटी कोण पुढे, हे बहुतेक वेळा गाडीपेक्षा चालकाच्या वयावर ठरत होते. खरे सांगायचे तर वळणांचाच निकष लावायचा असेल तर या दोन्ही इंग्रजी गाड्यांना बाजूला सारून त्याच काळातली इटालियन लान्चिया लॅम्ब्डा घ्यावी. निम्म्या ताकदीची, पण वेगळा सांगाडा नसलेली, संपूर्ण शरीरच सांगाडा असलेली आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलेली ती गाडी १९२२ साली जे करत होती ते क्रिकलवूड आणि ल्यूटनला त्या दशकात जमले नाही.

आता ब्रेक. माझ्या मते या तुलनेचा निकाल इथे लागतो, आणि शौकिनांच्या गप्पांत नेमके याच विषयावर सर्वांत कमी बोलले जाते, कारण थांबण्याच्या गोष्टी सांगण्यात मजा नसते.

सुरुवातीला दोन्ही गाड्यांना पुढच्या चाकांचे ब्रेक नव्हते. ‘ई’ जातीच्या व्हॉक्सहॉलमध्ये पायाने दाबायचा ब्रेक गिअरबॉक्सच्या मागे फिरणाऱ्या दांड्याला धरून ठेवी आणि हाताचा दांडा मागच्या चाकांना. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणारी गाडी अशा व्यवस्थेवर रस्त्यावर आणणे आज गुन्हा ठरेल. १९२३ च्या ल माँ शर्यतीत डफ आणि क्लेमंट यांची बेंटलेही फक्त मागच्या ब्रेकवर धावली. त्या शर्यतीत दगड लागून पेट्रोलची टाकी फुटली, डफ धावत तळावर आले आणि क्लेमंट पेट्रोलचे डबे घेऊन एका पोलिसाच्या सायकलवरून गाडीपर्यंत गेले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण शर्यतीतून परतल्यावर कारखान्याने गाडीत काय बदलले हे त्याहून महत्त्वाचे: १९२४ पासून बेंटलेला चारही चाकांचे ब्रेक मिळाले. दांड्यांनी चालणारे, नीट समतोल राखणारे, आणि चाक वळलेले असतानाही सारखे काम करणारे असे ते ब्रेक होते. क्लीव्ह हिलवरून विंचकूमकडे उतरताना मी ते अनुभवले. पेडल कडक आहे, पायात जोर हवा, पण जेवढा जोर लावाल तेवढीच गाडी मंदावते, आणि सरळ रेषेत मंदावते. चालकाला त्यांचा विश्वास वाटतो, त्यामुळे तो उतारावर गाडी मोकळी सोडू शकतो.

व्हॉक्सहॉलनेही १९२३ नंतर पुढचे ब्रेक दिले, परंतु ते केबलनी ओढायचे. मध्ये मूत्रपिंडाच्या आकाराची एक पेटी, तिच्यातून निघणाऱ्या केबली पुढच्या ड्रमांकडे, आणि पेडलचा उरलेला जोर पूर्वीप्रमाणे मागच्या दांड्यावर. केबल ताणली जाते, ढिली पडते, दोन्ही बाजूंना सारखी ओढत नाही. उतार सुरू होण्यापूर्वी बराच आधी मालकांनी पाय उचलला आणि डावा-उजवा अंदाज घेत हाताचा दांडा हळूहळू ओढायला सुरुवात केली. खरा ब्रेक हा, असे त्यांनी मला शांतपणे सांगितले. पायाचा आहे तो पोलिसांच्या समाधानासाठी. नंतर इंजिनाच्या ब्रेकवर आम्ही इतक्या सावकाश उतरलो की चढावर मिळवलेले सगळे पलीकडच्या बाजूला परत देऊन टाकले. मागून येणाऱ्या एका व्हॅनवाल्याने आमचे फोटो काढले. बहुधा कौतुकाने.

म्हणूनच त्या काळच्या कमाल वेगाच्या जाहिराती मी बेताने घेतो. व्हॉक्सहॉल कंपनी ३०-९८ साठी ताशी शंभर मैलांची हमी देत असे, पण ती अंगावरचे मडगार्ड, दिवे, काच असले सगळे उतरवून ब्रुकलँड्सवर नेलेल्या गाडीची. बेंटलेनेही आखूड नऊ फुटी सांगाड्यावर शंभर मैलांची ‘सुपर स्पोर्ट्स’ काढली. तिच्या जेमतेम दीड डझन गाड्या बनल्या. कपड्यानिशी, चार माणसे आणि सामानासह, दोन्ही गाड्या ताशी १३० ते १४० किलोमीटरच्या पट्ट्यात येतात आणि त्यातला फरक वाऱ्याच्या दिशेने पुसला जाण्याइतका आहे. गंमत अशी की या वेगांचा गाजावाजा चालू होता त्या सर्व काळात ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवर १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची, मर्यादा लागू होती. ती १९३० च्या कायद्याने उठली, तोपर्यंत ३०-९८ चे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती आणि तीन लिटरची बेंटलेही थांबली होती. म्हणजे या दोन गाड्यांच्या रस्त्यावरच्या पराक्रमाच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यातली प्रत्येक कथा ही दंडनीय अपराधाची कबुली आहे.

शर्यतीच्या मैदानात दोन्ही कारखाने एकदा आमनेसामने आले होते, १९२२ च्या आइल ऑफ मॅनच्या टुरिस्ट ट्रॉफीत. सनबीमच्या मागोमाग क्लेमंट यांची बेंटले दुसरी, व्हॉक्सहॉल तिसरी, आणि बेंटलेच्या उरलेल्या दोन गाड्या चौथी नि पाचवी. त्यातल्या चौथ्या गाडीवर स्वतः डब्ल्यू. ओ. होते. बेंटलेचे चाहते हा निकाल वादात पुढे करतात, पण ती व्हॉक्सहॉल ३०-९८ नव्हती; शर्यतीच्या नियमासाठी वेगळीच बनवलेली तीन लिटरची गाडी होती. तेव्हा तो पुरावा बाद.

मग माझे मत काय? त्या दोघा गृहस्थांनीही मला हेच विचारले, तेही एकत्र, प्रेस्कॉटच्या बागेतल्या बाकावर बसवून, आणि दोघांच्याही गाडीत फुकट बसून आल्यामुळे माझी पंचाईत झाली. मी सांगितले ते असे: सपाट आणि चढाच्या मोकळ्या रस्त्यावर ३०-९८ निःसंशय वरचढ आहे, आणि ती वरचढ आहे ते हुशारीच्या रचनेमुळे नव्हे, तर मोठ्या इंजिनाला कमी ओझे दिल्यामुळे. रस्ता उतरू लागला, पाऊस पडला किंवा समोर गाव आले की मी १९२४ नंतरची बेंटले घेईन. दिवसभराच्या प्रवासात दोघी एकाच सुमारास पोहोचतील, मात्र व्हॉक्सहॉलचा चालक वाटेत कमी दमलेला आणि अधिक घाबरलेला असेल. बेंटलेवाल्यांना हे पटले. व्हॉक्सहॉलवाल्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाले की मी अजून चुकीच्या गाडीत बसलो आहे. १९२६ च्या सुमारास शेवटच्या ओई गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक बसवले गेले होते, आणि त्यांच्या ओळखीत तशी एक आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्या गाडीतून तोच उतार उतरायचा असे ठरले आहे. तोवर वरचा निकाल पेन्सिलीने लिहिला आहे असे समजावे.